शैतानांच्या मुलखातील शोधक : जिम कॉर्बेट

१९०७ सालची गोष्ट. कुमाऊंच्या पूर्व टोकाला, नेपाळच्या सीमेजवळ वसलेल्या चंपावतच्या परिसरातील एका एकाकी बंगल्यात नुकतीच तिशी ओलांडलेला एक शिकारी उतरला होता. आसपासच्या गावांना एका नरभक्षक वाघिणीने घेरले होते. दिवसाउजेडीसुद्धा माणसे घराबाहेर पडण्यास धजत नव्हती. स्थानिक तहसीलदार पाहुण्याच्या भेटीला आला, अगत्याने बोलत बसला; पण दिवस कलू लागताच तो उठला आणि कंदील घेतलेल्या सोबत्यासह काही मैलांवरच्या आपल्या घराकडे पायी निघाला. ज्या वाटेवर वाघीण कोणत्याही वळणावर उभी असण्याची शक्यता होती, ती वाट त्याला परवडली. त्या बंगल्यातील रात्र मात्र परवडली नाही. त्या रात्री तेथे काय घडले, हे त्या शिकाऱ्याने पुढे कधीच लिहिले नाही. आपल्यापाशी या बंगल्याविषयी सांगण्यासारखी एक गोष्ट आहे, पण ती निसर्गनियमांच्या पलीकडची असल्याने शिकारकथांच्या पुस्तकात तिला जागा नाही, एवढेच नोंदवून त्याने तो विषय कायमचा मिटवला.

या शिकाऱ्याचे नाव जिम कॉर्बेट. नरभक्षक वाघ-बिबट्यांचा कर्दनकाळ म्हणून तो जगाला ठाऊक आहे. त्याच्या नावाचे अभयारण्य पाहण्यासाठी पुण्या-मुंबईहूनही हजारो पर्यटक जातात. परंतु त्याच्या आयुष्याला आणखी एक पदर आहे. हिमालयाच्या या डोंगराळ मुलखात वाघ आणि भूत, बिबट्या आणि करणी, आजार आणि बाधा यांच्यातील सीमारेषा पुसट होत्या. कॉर्बेट आयुष्यभर त्या पुसट रेषेवरून चालला. लोकांच्या भीतीला तो कधी हसला नाही, आणि तपासल्याशिवाय त्याने ती कधी स्वीकारलीही नाही.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट याचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनितालला झाला. वडील ख्रिस्तोफर तेथील पोस्टमास्तर होते. घरात भावंडांचा मोठा गोतावळा होता. जिम पाच वर्षांचा असताना, १८ सप्टेंबर १८८० रोजी, सततच्या पावसाने नैनितालचा एक डोंगरउतार कोसळला. १५१ माणसे गाडली गेली. नैनादेवीचे जुने मंदिरही त्यात नाहीसे झाले. पुढच्याच वर्षी वडिलांचे निधन झाले आणि कुटुंबाचा भार आई मेरी जेन व थोरला भाऊ टॉम यांच्यावर पडला. उन्हाळा नैनितालच्या गर्नी हाऊसमध्ये आणि हिवाळा पायथ्याच्या कालाढुंगी येथील घरात, असा या कुटुंबाचा क्रम होता. कालाढुंगीच्या मागे दाट जंगल सुरू होई. तेच जिमची खरी शाळा ठरले.

या शाळेतील पहिला धडा भुताचाच होता. डॅन्से नावाचा एक आयरिश गृहस्थ संध्याकाळच्या वेळी मुलांना गोळा करून भुताखेतांच्या कहाण्या सांगत असे. आयर्लंडमधील बॅन्शी नावाची, किंकाळ्या फोडून मरणाची वर्दी देणारी हडळ आणि कुमाऊंमधील चुडैल या दोघींची मुलांच्या मनावर त्याने पक्की दहशत बसवली होती. एकदा लहानगा जिम एकटाच जंगलात असताना वारा सुटला आणि त्याला बॅन्शीची किंकाळी ऐकू आली. तो जीव मुठीत धरून पळाला. तथापि पुढे धीर एकवटून तो पुन्हा त्याच जागी गेला, वारा सुटेपर्यंत थांबला आणि आवाजाच्या दिशेने सरकत राहिला. तेथे एक झाड दुसऱ्या झाडावर कलले होते. वाऱ्याने दोन्ही हलली की खोडावर खोड घासे आणि ती किंकाळी उमटे. जंगलातील कोणतीही चमत्कारिक गोष्ट मुळापर्यंत जाऊन पाहण्याची सवय आपल्याला त्या दिवशी लागली, असे कॉर्बेटने वृद्धापकाळी नमूद केले आहे.

चुडैलीचे कोडे मात्र एवढे सरळ सुटले नाही. तिची हाक त्याने आयुष्यात तीनदा ऐकली, तीनही वेळा रात्री. त्यापैकी एकदाच, घराजवळच्या हळदूच्या झाडाच्या शेंड्यावर चांदण्यात तो आवाज काढणारा जीव त्याला दिसला. तो एक पक्षी होता, सोनेरी गरुडाहून किंचित लहान, लांब पायांच्या जातकुळीतला. भारतातील पक्ष्यांची एवढी ओळख असलेल्या या माणसाला तो पक्षी कोणता हे सांगता आले नाही, आणि आपल्याला ते कळले नाही हे त्याने मोकळेपणाने मान्य केले. चुडैल नाही, पक्षी आहे, एवढे त्याने निश्चित केले. पुढचे कोडे त्याने तसेच ठेवले.

विसाव्या वर्षाच्या आतच त्याला पोटासाठी बाहेर पडावे लागले. बंगाल अँड नॉर्थ वेस्टर्न रेल्वेत इंधन-निरीक्षक म्हणून तो लागला आणि पुढे बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेच्या काठी मालाच्या चढउताराचे कंत्राट त्याने वीस वर्षांहून अधिक काळ सांभाळले. हजारो मजुरांबरोबर तो राबला, त्यांच्या भाषेत बोलला. शिकार हा त्याचा धंदा कधीच नव्हता. चंपावतच्या वाघिणीसाठी सरकारी बोलावणे आले तेव्हा त्याने दोन अटी घातल्या. जाहीर केलेली बक्षिसे रद्द करावीत आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी मारणाऱ्यांत आपली गणना होऊ नये आणि दुसऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागू नये, असा त्यामागचा विचार होता.

या वाघिणीने आधी नेपाळात आणि नंतर कुमाऊंमध्ये मिळून ४३६ माणसे मारली, असा आकडा कॉर्बेटने दिला आहे. पाली गावी तो पोहोचला तेव्हा गावकऱ्यांनी पाच दिवस दारे उघडली नव्हती. लोकांच्या लेखी ते जनावर नव्हते, शैतान होते. कॉर्बेटने तिला चंपावतजवळ सुमारे तीनशे गावकऱ्यांच्या हाकाऱ्यात गाठले आणि मारल्यावर तिचा जबडा उघडून पाहिला. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे सुळे जुन्या बंदुकीच्या गोळीने तुटलेले होते. नैसर्गिक भक्ष्य धरणे अशक्य झाल्यामुळे ती माणसाकडे वळली होती. शैतानाचा जन्म एका माणसाच्या अर्धवट नेमातून झाला होता.

याच मोहिमेत त्याला एक मुकी झालेली बाई भेटली होती. तिच्या डोळ्यांदेखत वाघिणीने तिच्या बहिणीला उचलून नेले होते. ही एकटीच काही अंतर मागे धावली. वाघीण उलटून समोर आली तेव्हा ती परत फिरली, ती वाचा गमावूनच. शिकारीनंतर कॉर्बेट मुद्दाम तिच्या घरावरून गेला आणि वाघिणीचे कातडे तिच्यापुढे अंथरले. तिला पुन्हा शब्द फुटला आणि तिने गावाला हाका मारून बोलावले. वैद्यकशास्त्र याला मानसिक आघात म्हणेल. त्या गावाने काय म्हटले असेल, याची कल्पना करता येते.

तीन वर्षांनी, १९१० मध्ये, पनारच्या नरभक्षक बिबट्याच्या मागावर असताना कॉर्बेट देवीधुरा येथे आला. वाराहीदेवीचे हे स्थान राखीपौर्णिमेच्या दगडफेकीच्या बगवाल उत्सवासाठी आजही प्रसिद्ध आहे. मंदिराच्या परिसरात एक वाघ गुरे मारत असे. कॉर्बेटने पुजाऱ्याकडे त्याच्या शिकारीची परवानगी मागितली. पुजाऱ्याने ती खुशाल दिली. मात्र तुम्हालाच काय, कोणालाही हा वाघ मारता येणार नाही, असेही त्याने शांतपणे बजावले. त्यानंतर कॉर्बेटला अनेक संधी मिळाल्या. प्रत्येक वेळी काही ना काही आडवे आले आणि अखेरीस तो वाघ तसाच सोडून त्याला निघावे लागले. आपल्या शेवटच्या पुस्तकांपैकी एकाला त्याने या न मारलेल्या वाघाचेच नाव दिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

परंतु श्रद्धेची दुसरी बाजूही त्याने याच डोंगरांत पाहिली. त्याच्या बरोबरच्या गढवाली माणसांत बालासिंग नावाचा एक धडधाकट गडी होता. एका मुक्कामात शेकोटीभोवती गाणी चालू असताना त्याने गाण्यासाठी तोंड उघडले आणि त्रिशूल पर्वतावरील पिशाच्च आपल्या तोंडातून पोटात शिरले, अशी त्याची खात्री झाली. तो खंगू लागला. कॉर्बेटने त्याला डॉक्टरांना दाखवले. त्यांना कोणताही आजार आढळला नाही. बालासिंग आपल्या गावी परतला आणि मरण पावला. कलत्या झाडाची किंकाळी शोधून काढणाऱ्या माणसाला या ठिकाणी दाखवता येण्यासारखे झाड नव्हते. भूत नव्हतेच असे गृहीत धरले, तरी मृत्यू खरा होता. डोंगरातील माणसाच्या भीतीला कॉर्बेट कधी हसला नाही, याचे कारण अशा अनुभवांत शोधावे लागते.

पहिल्या महायुद्धात १९१७ साली तो ५०० कुमाऊंनी मजुरांची तुकडी घेऊन फ्रान्सला गेला. तो युद्धावरून परतला तेव्हा गढवालमध्ये नवे शैतान उभे राहिले होते. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत माणसे एवढी मेली की दहनासाठी सवड राहिली नाही. मृताच्या तोंडात निखारा ठेवून प्रेत दरीत लोटले जाई. बिबट्याला माणसाच्या मांसाची चटक लागली ती येथूनच, असे कॉर्बेटचे अनुमान होते. ९ जून १९१८ रोजी बेंजी गावात पहिला बळी गेला आणि पुढील आठ वर्षांत सरकारी नोंदीनुसार १२५ माणसे गेली. केदारनाथ-बद्रीनाथच्या यात्रामार्गावर रात्री चिटपाखरू फिरकत नसे.

या बिबट्याने विष पचवले, सापळे चुकवले. एकदा तो गुहेत शिरलेला पाहून लोकांनी काटेरी झुडपे आणि दगडांनी तोंड बंद केले. पाचव्या दिवशी आलेल्या एका प्रतिष्ठित गृहस्थाने आत काहीही नाही असे म्हणत झुडपे उचलली, आणि बिबट्या झेप घेऊन शेकडोंच्या जमावातून निसटला. असा प्राणी नुसता प्राणी असेल, यावर कोण विश्वास ठेवणार? रात्री बिबट्याचे रूप घेणारा तो कोणी साधू आहे, ही समजूत पसरली. एका साधूला संतप्त जमावाने पकडलेही. जवळच छावणी असलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने जमावाशी वाद घातला नाही. साधूला पहाऱ्यात ठेवा आणि त्या काळात बळी जातो का ते पाहा, असे त्याने सुचवले. काही दिवसांतच दुसऱ्या गावातून एक माणूस उचलून नेल्याची बातमी आली आणि साधू सुटला. बिबट्याने नकळत त्याची साक्ष दिली होती. ती साक्ष आणखी थोडी लांबली असती, तर त्या साधूची गणना बिबट्याच्या बळींत झाली नसती. ती कोणत्याच यादीत झाली नसती.

कॉर्बेट रुद्रप्रयागच्या झुलत्या पुलाच्या बुरुजावर वीस रात्री बसून राहिला. वारा, थंडी, मुंग्या यांखेरीज काही हाती लागले नाही. अखेर मे १९२६ च्या आरंभी, गोलाबराय येथील आंब्याच्या झाडावर तो बसलेला असताना खाली बांधलेल्या बकरीची घंटा वाजली. क्षणभर बॅटरीचा झोत पडला आणि गोळी सुटली. उजाडल्यावर समोर पडलेला होता तो एक म्हातारा, दात झिजलेला बिबट्या. ना शैतान, ना साधू. माणसाने घालून दिलेल्या कायद्याविरुद्ध वागला, एवढाच त्याचा अपराध असल्याची खंत कॉर्बेटने व्यक्त केली. आठ वर्षे गढवालची झोप उडवणाऱ्या प्राण्याच्या शेजारी बसून त्याला विजयाचा आनंद झाला नाही.

मराठीत आपण म्हणतो, वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो. कॉर्बेटची एकूण भूमिका या म्हणीच्या जवळची वाटते. नावाने फरक पडत नाही. समोर काय आहे ते पाहिले पाहिजे. तरीही पाहून न उलगडलेल्या दोन गोष्टी त्याने कुमाऊंच्या एकाच कोपऱ्यातून नोंदवल्या आहेत.

पहिली १९२९ मधील. तल्ला देशच्या नरभक्षकासाठी जाताना तो शारदा नदीच्या खोऱ्यात पूर्णागिरीच्या परिसरात मुक्कामाला होता. रात्री समोरच्या कड्यावर दिवे उजळले. प्रथम त्याला तो वणवा वाटला. परंतु ज्या कड्यावर ते दिसले, तेथे माणसाला पाय ठेवणेही शक्य नव्हते आणि आग लागल्याची खूण नव्हती. पुढे पूर्णागिरीच्या पुजाऱ्याने त्याला आख्यायिका सांगितली. देवीच्या निषिद्ध शिखरावर चढू पाहणाऱ्या एका साधूला देवीने नदीपलीकडे नेपाळात भिरकावले. तो तेथून देवीला दिवे लावतो आणि तिची कृपा असलेल्यांनाच ते दिसतात. कॉर्बेटने आख्यायिका जशी ऐकली तशी दिली, दिवे जसे पाहिले तसे दिले आणि दोहोंची सांगड घालण्याचा मोह टाळला.

दुसरी १९३८ मधील, त्याच्या शेवटच्या नरभक्षक शिकारीच्या वेळची. ठाक हे गाव पूर्णागिरीच्या मंदिरांची वंशपरंपरागत सेवा करणाऱ्यांचे; चंद राजांनी ते इनाम दिलेले. वाघिणीच्या भीतीने सारे गाव घरदार टाकून निघून गेले होते. निर्मनुष्य गावातून कॉर्बेट स्वतः गेला होता. त्यानंतर जवळच्या झाडावर बसून वाट पाहत असताना त्या रिकाम्या गावातून त्याला माणसाची मरणांतिक किंकाळी ऐकू आली. गावात कोणी नव्हते. कोणी हरवल्याचेही पुढे आले नाही. लहानपणी बॅन्शीच्या किंकाळीचा उगम शोधणाऱ्या माणसाला त्रेसष्टाव्या वर्षी ऐकलेल्या या किंकाळीचा उगम सापडला नाही. ३० नोव्हेंबर १९३८ रोजी त्याने ठाकची वाघीण मारली आणि गाव पुन्हा वसण्याची वाट मोकळी केली.

या साऱ्या हकिगती प्रामुख्याने त्याच्याच लेखणीतून आपल्यापर्यंत आल्या आहेत, हे विसरता येत नाही. अनेक प्रसंगी दुसरा साक्षीदार नाही. परंतु स्वतःची भीती, चुकलेले नेम, न सुटलेली कोडी लपवण्याचा प्रयत्न त्याने केलेला नाही. नरभक्षकाच्या मागावर असताना आधी एक साप मारल्याशिवाय आपल्याला यश येत नाही, अशी त्याची स्वतःचीच एक अंधश्रद्धा होती. तीही त्याने लिहून ठेवली. इतरांच्या समजुती तपासणाऱ्याने आपल्या समजुतीला सूट दिली, हा त्याचा विरोधाभास. तो त्याने स्वतःच आपल्या हाती दिला.

दरम्यान बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली होती. १९३६ मध्ये, गव्हर्नर माल्कम हेली यांच्या काळातील प्रयत्नांतून, भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान कुमाऊंच्या पायथ्याशी स्थापन झाले. त्यात कॉर्बेटचा मोठा वाटा होता. हेली नॅशनल पार्क, नंतर रामगंगा आणि १९५७ पासून कॉर्बेट असे त्याचे नामांतर झाले. १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ येथूनच झाला. १९४४ मध्ये मुंबईत ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने त्याचे ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’ प्रकाशित केले आणि एका पहाडी खोऱ्यातील शैतान जगभरातील वाचकांना माहीत झाले. पहिल्या आवृत्तीचे मानधन त्याने युद्धात दृष्टी गमावलेल्या भारतीय सैनिकांसाठी दिले.

कॉर्बेट अविवाहित राहिला. त्याने वसवलेल्या छोटी हल्द्वानी या गावाला रानटी जनावरांपासून रक्षण म्हणून भिंत बांधून दिली. गावकरी त्याला कारपेट साहिब म्हणत. नोव्हेंबर १९४७ मध्ये बहीण मॅगीसह तो केनियातील न्येरी येथे निघून गेला. ज्या मातीत त्याचा जन्म झाला, जिच्या भाषा तो बोलत होता, तीत स्वतंत्र भारतात आपल्याला स्थान राहील का, या शंकेने हा निर्भय माणूस भ्याला. ही एक भीती त्याने मुळापर्यंत जाऊन तपासली नाही.

केनियात १९५२ च्या फेब्रुवारीत ट्रीटॉप्स येथील झाडावरच्या घरात राजकन्या एलिझाबेथच्या सोबत तो होता. त्याच रात्री इंग्लंडमध्ये सहाव्या जॉर्जचे निधन झाले. राजकन्या झाडावरून उतरली ती राणी होऊन. त्यावरील छोटे पुस्तक संपवून थोड्याच दिवसांत, १९ एप्रिल १९५५ रोजी, कॉर्बेट न्येरीत निवर्तला. तेथील दफनभूमीत त्याची कबर आहे.

कालाढुंगीतील त्याच्या घरात आता संग्रहालय आहे. चंपावतच्या त्या बंगल्याची गोष्ट मात्र तेथील कोणत्याही कपाटात सापडणार नाही. ती तो मागे न ठेवताच गेला. सांगितली असती तर एक भूतकथा वाढली असती, आणि कुमाऊंमध्ये भूतकथांची उणीव तेव्हाही नव्हती, आजही नाही. जे तपासता आले ते त्याने तपासले, जे दिसले ते लिहिले. जे दिसूनही पटवता आले नसते, त्याच्यासाठी त्याने कोणावर विश्वासाची सक्ती केली नाही. तहसीलदार मात्र त्या रात्री कंदिलाच्या उजेडात वाघिणीच्या वाटेने सुखरूप घरी पोहोचला होता.